काचेवरचं गंध

मी डॉक्टर आहे. एक्स-रेचे फोटो वाचून पोट भरतो. विठ्ठलवाडीच्या ज्या एक्स-रे सेंटरमध्ये मी बसतो, तिथला मॉनिटर म्हणजे पुराणपुरुष. त्याच्या मागे अजून ती दोन स्क्रूंची व्हीजीए केबल आहे. तिच्यातून माणसाची छाती जरा धूसर, म्हणजे आहे त्याहून बरी दिसते. दुरून डोंगर साजरे! पुढे इतर ठिकाणी नव्या केबली आल्या, डीव्हीआय आली, एचडीएमआय आली. दर वेळी चित्र स्वच्छ झालं आणि माझी धाकधूक वाढली.

या दसऱ्याला मांजर्लीच्या घरी मोठ्या रिझोल्यूशनचा मॉनिटर घेतला. त्याची डिस्प्लेपोर्ट केबल उल्हासनगरातून आणली. "ले जाओ साईं, अब कुछ नहीं छुपेगा," दुकानदार म्हणाला. आईने घरातल्या कोयता-कात्रीबरोबर त्याचीही पूजा केली आणि चंदनाच्या गंधाची पाच बोटं थेट काचेवर ओढली. मी ओरडलो आणि काच पुसून काढली.

"मग याचं कपाळ कुठं, ते तू सांग," ती म्हणाली आणि खोकत आत गेली.

त्या खोकल्यासाठीच दसऱ्यानंतर तिला सेंटरवर नेऊन फोटो काढला. तिथल्या मॉनिटरवर काही दिसलं नाही. "ठणठणीत आहेस," मी सांगूनही टाकलं. त्या आनंदात तिने घरी येऊन शिरा करायला घेतला.

संध्याकाळी तोच फोटो घरी उघडला, तो नव्या मॉनिटरची ऐट बघायला. फुप्फुसात वरच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढा पांढुरका ठिपका होता. असा ठिपका अनेक कारणांनी दिसतो, हे मी लोकांना रोज समजावतो. आईच्या छातीत मला एकच कारण सुचलं.

मग वाटलं, गंधच राहिलं असेल. बाहीने काच पुसली. केबल काढून पुन्हा लावली. ठिपका तिथंच. शेवटी माउसने फोटो थोडा खाली ओढला. काचेवरचा डाग असता तर जागेवर राहिला असता. हा बरगड्यांबरोबर खाली आला. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती.

आई शिऱ्याची वाटी घेऊन मागे उभी होती. "अगं बाई, माझंच बोट राहिलं की! थांब, पुसते."

ती पदराने काच घासू लागली. तिला थांबवायचा धीर मला झाला नाही. तिच्या हाताखालून मी माउसने फोटो हळूच बाजूला सरकवला, ठिपका काचेबाहेर जाईपर्यंत.

"गेलं बघ," ती म्हणाली. "उगाच घाबरतोस."