कोबाल्ट वेगळा होताना

प्रयोगशाळेतल्या तोटीच्या काचेच्या नरसाळ्यात आज तेल आणि पाणी काही केल्या वेगळं होईना. जुन्या बॅटऱ्यांची पूड आम्लात विरघळवली, की कोबाल्ट, निकेल सगळं एकाच पाण्यात उतरतं. त्यात केरोसीनसारखं तेल घालून हलवायचं. तेलातलं रसायन तेवढा कोबाल्ट ओढून घेतं. मग निळं तेल वर येतं आणि निकेलचं हिरवं पाणी खाली राहतं. आज मात्र मधे नुसता गढूळ फेस साचला होता.

"फार जोरात हलवलंस," शेजारी काम करणारी वैशाली म्हणाली. "राहू दे आता, होईल आपोआप वेगळं. बस जरा."

मी स्टुलावर बसले. आई गेल्यापासून अशी बसलेच नव्हते. किती दमलेय ते बसल्यावर कळलं.

तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, आईच्या कपाटातलं तुला काय हवंय? रविवारी आवरून टाकू म्हणते."

कपाटातल्या साड्यांना आईचा वास होता आणि तिच्या लांबलेल्या आजारपणातल्या औषधांचाही. तिची माया मला हवी होती. त्या दिवसांतली आमची चिडचिड नको होती. पण दोन्ही एकाच घडीत होतं, आणि त्यातलं हवं तेवढंच उचलायची ताकद माझ्यात अजून आली नव्हती.

"इतक्यात नको गं," मी म्हणाले. "कपाट थोडे दिवस बंदच राहू दे."

ती हळूच म्हणाली, "बरं झालं म्हणालीस. मलाही ते उघडवत नाहीये."