गाळाची झोपमोड

आमच्या शिओनोउरा गावात तामेकिचीला स्वस्थ बसलेला कुणी पाहिला असेल तर त्याने हात वर करावा. मी त्याच्याबरोबर एका बाकावर शिकलो, आमची लग्नं एकाच वर्षी झाली, आज दोघंही एक्याऐंशीचे. पण मीसुद्धा हात वर करणार नाही. तिसरीत मास्तरांनी वैतागून त्याच्या कमरेचा पट्टा बाकाला बांधला होता. दुपारी बघतात तर तामे नाही आणि बाकही नाही. पठ्ठ्या बाक पाठीवर घेऊन धक्क्यावर उभा, बोटी मोजत! आणि मी वर्गात जमिनीवर बसून त्याच्यापायी गणितं सोडवतोय.

तर देवळासमोरच्या छोट्या खाडीत तामेच्या वडिलांनी बांबू रोवून जाळं लावलं होतं. तीच जागा त्याच्याकडे आली. त्या खाडीत पूर्वी समुद्रगवताचं रान होतं. त्या गवताला आमच्याकडे एक लांबलचक नाव आहे, ‘पाताळातल्या राजकन्येच्या वेणीच्या फितीचं कापून टाकलेलं टोक’. लहानपणी एका दमात ते म्हणून दाखवायची आमची पैज लागायची. पण तेच गवत वल्ह्याला गुंडाळलं की राजकन्येचाही उद्धार व्हायचा! पुढे कारखान्यांचं पाणी आलं, गवत कुजलं, त्याबरोबर त्यात अंडी घालणारे माकूळ, कोळंबी सगळं गेलं. तामेच्या जाळ्यात जेलीफिश आणि वसंतात चार-दोन मासे तेवढे उरले.

मागच्या वर्षीची गोष्ट. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष इसोगाई म्हणाले, "तामे-सान, खाडी रिकामी पडलीय. तिथे कालवांचे तराफे टाकू. बांबू काढून घ्या."

"गवत परत आणतो," तामे म्हणाला.

"कधी?"

"मेच्या सभेपर्यंत."

"पेराल त्यातल्या निम्म्या जागेत गवत उभं दिसलं तर खाडी तुमची. नाहीतर बांबू मी काढतो. कबूल?"

तामे उभ्या उभ्या हो म्हणाला. बसून विचार करायची त्याला सवय कुठे!

सरकारी संशोधन केंद्रातल्या कुरेमात्सु बाईंनी बी दिलं. खाऱ्या पाण्यात टाकलेलं बी बुडेल ते चांगलं, तरंगेल ते फोल; भाताच्या बियाण्यासारखंच. बाईंनी धक्क्यावर आम्हा म्हाताऱ्यांना समजावून सांगितलं, की हे गवत हवा-पाणी तापवणारा धूर शोषून घेतं आणि मुळांखालच्या गाळात पुरून ठेवतं. गाळ निजलेला असेल तोवर तो धूर शेकडो वर्षं तिथेच. हल्ली सप्टेंबरातही आमचा समुद्र न्हाणीतल्या पाण्यासारखा कोमट असतो, तेव्हा ते सगळ्यांना पटलं. तामे मात्र बाईंचं बोलणं संपायच्या आतच बी घेऊन बोटीत चढला होता.

नोव्हेंबरात पेरलं. जानेवारीत पात दिसली, बोटभर उंच. त्या दिवशी त्याने अख्ख्या गावाला घरोघर जाऊन सांगितलं, दोन घरांना दोनदा. मग सुरू झालं. रोज सकाळी बोटीचं यंत्र चालू, खाडीत जा, नांगर टाक, काचेच्या तळाची पेटी पाण्यावर धर आणि बघ. फेब्रुवारीत पात विरळ झाली.

"खेकडे उपटतायत," तो म्हणाला, आणि सकाळ-संध्याकाळ जायला लागला. पात आणखी विरळ झाली. मग तो दुपारचाही जायला लागला.

त्याची बायको किनुयो मला म्हणाली, "भावोजी, ह्यांना जरा आवरा हो. घास तोंडात आणि पाय बोटीत. रात्री अंथरुणातसुद्धा नांगर ओढतात, पांघरूण सगळं तिकडे!"

मी काय आवरणार? पण फेब्रुवारीअखेर देवळाच्या पायऱ्या झाडायची माझी पाळी आली. वरच्या पायरीवर दम खायला टेकलो आणि खाली पाहिलं. तामेची बोट खाडीत शिरत होती. तिच्यामागे गढूळ पाण्याचं शेपूट. त्याने नांगर टाकला, तळातून तांबडा ढग उठला. वाऱ्याने बोट सरकली, नांगर घसरला, ढग लांबला. मला इतकं हसू आलं की झाडू खाली गेला, आणि तो आणायला चाळीस पायऱ्या उतरताना हसू जिरलं.

धक्क्यावर त्याला गाठलं. "तामे, खेकडा सापडला."

"कुठे?"

"हा काय समोर उभाय. दोन पायांचा. दिवसातून तीनदा येतो, गाळाची झोपमोड करतो, आणि मुळं उपटून घरी जेवायला जातो."

त्याने आधी मला शिवी दिली. मग मी त्याला पायऱ्यांवर नेलं. खाडीतला ढग अजून बसला नव्हता. तामे बराच वेळ बघत राहिला, पाय मात्र जागच्या जागी हलत होते.

त्याच दिवशी त्याने जाळं सोडवून किनाऱ्यावर वाळत घातलं, नुसते बांबू ठेवले. वसंतातले ते चार-दोन मासेही गेले त्याचे. बोट वर ओढली. काचेची पेटी माझ्या हातात दिली. "मागितली तरी देऊ नकोस."

तिसऱ्या दिवशी आला. "आज पाणी निवळ असेल, नाही?"

"असेल."

"पेटीची काच पुसायची असेल."

"पुसली."

"कडेचं लाकूड..."

"तामे, घरी जा."

मार्च, एप्रिल असेच गेले. त्याने घराचं कुंपण तीनदा बांधलं. किनुयोने सोललेले मुळे तो पुन्हा सोलायचा. रात्री वारा सुटला की माझ्या खिडकीवर टकटक. "दक्षिणेचा आहे का रे? दक्षिणेचा असला तर उपटेल." दोन महिने मीही धड झोपलो नाही.

सभेच्या आदल्या दिवशी भरतीला इसोगाई, बाई, तामे आणि मी वल्ह्याच्या होडीतून निघालो. वल्हं माझ्याकडे, कारण तामे घाईत होडी गोल फिरवायचा. पेटी आधी इसोगाईंनी धरली. पेटीत नाक खुपसून ते बघतच राहिले. तामे म्हणाला, "बोला हो! जीव जातोय."

"गुडघाभर आहे," इसोगाई म्हणाले. "हलतंय सगळं."

दोरी टाकून मोजलं. निम्म्याहून पाच पावलं जास्त. मधोमध एक बोडकी जागा, दोन खोल्यांएवढी, जिथे तो रोज नांगर टाकायचा. बाईंनी नकाशावर ती काढली आणि विचारलं, हिला नाव काय देऊ? मी म्हटलं, तामेचं टक्कल.

सभेत इसोगाईंनी शब्द पाळला. खाडीत तराफे नाहीत, जाळं तामेचं. "पण यंत्राची बोट आत नाही आणि नांगर नाही. कुणाचाच नाही, तामे-सान."

"मग मी बघणार कसा?"

"बघायचं नाही."

सगळी सभा हसली, किनुयो सगळ्यांत मोठ्याने.

आता तो वल्हं मारत जाळ्यापुरता जातो आणि लगेच परततो. उरलेला दिवस देवळाच्या पायऱ्यांवर. तिथून गवत दिसत नाही, नुसतं पाणी दिसतं. मी शेजारी बसतो. तो चाळीस पायऱ्या उतरतो, पाण्यापर्यंत जातो, पुन्हा चढून येतो.

"बस की रे जरा," मी म्हणतो.

"बसतो," तो म्हणतो आणि उतरायला लागतो.