मेजरला लागली हळद

आता हे तुम्हाला सांगू की नको? सांगतोच. पण आधी तोंडातला चहा गिळा, नाहीतर ठसका लागायचा!

आमचे सासरे, अप्पा, पाटणकडचे. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि घरच्या कुत्र्याचं नाव मात्र ठेवलं ‘मेजर’! पांढराशुभ्र, अगदी बारीक केसांचा. सासूबाई गेल्यापासून घरात हे दोघंच. अप्पांचा सगळा जीव त्या कुत्र्यात.

आणि माझ्यावर? माझ्यावर भरवसा शून्य! लग्नाला तीन वर्षं झाली, पण हा माणूस अजून माझ्या गाडीवर मागं बसत नाही. "चालत येतो मी," म्हणतात.

तर असे हे अप्पा मुलाकडं जम्मूला निघाले आणि मेजरला सांगलीत आमच्याकडं सोडून गेले. जाताना म्हणाले, "पाव्हणं, जीव ठेवून चाललोय तुमच्याकडं." आता बोला! मी मनाशी ठरवलं, ह्या परीक्षेत पास व्हायचंच.

आणि झालोही असतो हो! पण अप्पा परत यायच्या दिवशी आमची मंडळी, म्हणजे शुभांगी, त्यांना आणायला स्टँडवर गेली आणि इकडं मेजर गटारात लोळून आला. नाकापासून शेपटीपर्यंत काळा! मी शुभांगीला फोन लावला.

"आंघोळ घाला. पण नीट कोरडा करा. मागं वला राहिला तवा ताप भरला होता त्याला."

"अगं, एवढुसे केस! एकदा झटकलं की वाळला."

"बारीक केसाच्या बुडाशीच पाणी ऱ्हातंय. कान, बगला, पोटाखाली, समदं पुसा. आणि माझ्या नव्या टॉवेलला हात लावला तर बघा!"

आंघोळ झाली. मेजरनं अंग झाडलं आणि माझीही झाली. नव्या टॉवेलाला बंदी, म्हणून मी खुंटीवरचा माझा रोजचा टॉवेल ओढला आणि लागलो पुसायला. कान पुसले, बगला पुसल्या, उलटा पाडून पोट पुसलं. पैलवानाला मालीश करावी तसा रगडला! मेजर डोळे मिटून खुश.

मग त्याला उन्हात आणला.

मेजर पिवळा झाला होता! नुसत्या मुंडावळ्या बांधायच्या बाकी होत्या.

सांगायचं राहिलं, मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. दिवसभर पोती फुटतात, हळद उडते आणि मी त्याच टॉवेलानं मान पुसतो. माझे शर्ट पिवळे, बनियन पिवळे, गाडीची सीट पिवळी. आमच्या डोळ्यांना पिवळं दिसायचं कधीच बंद झालंय. टॉवेल पिवळा आहे हे मला कसं कळावं, तुम्हीच सांगा!

तासाभरात अप्पा येणार. मला घाम फुटला. शांपूनं काही निघेना. तेव्हा आमच्या डोक्यात काय आलं असेल? कपड्याचा साबण! घेतली वडी आणि घासला मेजरला.

हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे कुठल्याही बाईला विचारा, सांगेल. मी कुणाला विचारलं नाही. बघता बघता मेजर लालेलाल झाला आणि तसलंच लाल पाणी अंगणातून वाहत गल्लीत निघालं.

तेवढ्यात शेजारच्या सुमनवहिनींचं डोकं भिंतीवरून वर आलं.

"आवं भाऊजी, काय झालं ह्ये? केवढं रगात!"

"वहिनी, रगात न्हाई, हळद हाय!"

"लागल्यावर हळदच दाबत्यात, म्हाईत हाय मला! पर लागलं कुठं त्याला?"

"कुठंच न्हाई!"

"मग हळद कशाला लावली?"

मी मेजरवर पाणी ओततोय तोवर वहिनींनी शुभांगीला फोन लावलासुद्धा. "अगं, लवकर ये! मेजरला कायतरी झालंय. भाऊजी हळद दाबत्यात, पर थांबंनाच!"

थोड्या वेळानं रिक्षा आली. ती थांबायच्या आत अप्पा खाली उतरले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कडक इस्त्रीच्या पँटीनिशी त्या लाल चिखलात बसले आणि मेजरला मांडीवर ओढला. पाय बघितले, पोट बघितलं, कान बघितले.

"कुठं लागलं रं माझ्या राजा?"

सगळी हयात सरहद्दीवर काढलेला माणूस, आणि डोळ्यात पाणी! मेजर आपला त्यांचं तोंड चाटतोय. मग अप्पांनी बोट नाकाला लावलं. एकदा हुंगलं, परत हुंगलं. आणि मान वर केली.

"पाव्हणं, ही हळद हाय?"

"व्हय अप्पा."

"वरनं कापडाचा साबण लावलासा?"

"व्हय."

"हळदीचा धंदा कवापासनं हाय तुमचा?"

"आज्ज्यापासनं," मी म्हणालो. ते इतकं हळू, की मलाच नीट ऐकू आलं नाही.

अप्पांनी एकदा मेजरकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे हलायला लागले, आणि असे हसले म्हणता, की सुमनवहिनी भिंतीपलीकडनं फाटकातून आत आल्या. शुभांगीनं तेवढं डोळे वटारून घेतले आणि नवा टॉवेल आणून माझ्या अंगावर फेकला.

दुपारी मेजर उन्हात वाळत पडला होता, थोडा गुलाबी, थोडा केशरी. अप्पांचं जेवण झालं होतं, सुपारी चालली होती. म्हटलं, आता विचारून घ्यावं.

"अप्पा, पुढच्या खेपंला पण मेजरला आमच्याकडंच सोडशीला न्हवं?"

"सोडणार की!" अप्पा म्हणाले. "तुमच्याकडं बघायला घरात कुणीतरी शाणं पायजे."