सॉरी लिहा, म्हणाल्या

डबा स्वराच्या आईने हातात घेतलाच नाही. दोन बोटांनी झाकण उचललं, आत बघितलं आणि तोंड फिरवलं.

"हे काय आणलंय तुम्ही?"

"चीक हाय. म्हस व्यालीय. खरवस करा पोरीला."

तिने मोबाइल काढला. मला वाटलं, नवऱ्याला विचारत असेल. तिने फोटो काढला. डबा, आणि डब्यामागे मी. पदर खोचलेला, पायात रबरी चप्पल. मी शाहूपुरीतल्या तिच्या घरून माझ्या घरी पोचायच्या आत तो फोटो पोरींच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर पडला होता. खाली लिहिलेलं, 'आधी माझ्या मुलीवर आरोप, आता घरी येऊन हे. शाळेने अ‍ॅडमिशन कुणाला द्यायची याचा विचार करावा.' त्याखाली हसणारी तोंडं. एकाने म्हशीचं चित्र टाकलं होतं.

मला कुणी पाठवलं नव्हतं तिथं. आमच्या गवळ्यांच्या घरात असंच चालतं. म्हैस व्याली की चीक ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या दारात आधी जातो. त्याने भांडं ठेवून घेतलं, चिमूटभर साखर घालून परत दिलं, की विषय मिटला. कुणी कुणाला जाब विचारत नाही. मला वाटलं, पोरींचं भांडण आहे, आयांनी मिटवावं.

पण भांडण नव्हतंच ते. माझी कोमल सातवीत. इंग्रजी शाळेत राखीव जागेतून नंबर लागला, तेव्हा आम्ही गल्लीत पेढे वाटले होते. तिच्या वर्गात या बाईची मुलगी, स्वरा. कोमल बाकावर बसायला गेली की स्वरा आणि तिच्या मैत्रिणी बाकावर सेंट मारायच्या. हजेरीत कोमलचं नाव आलं की मागून रेडकासारखं ओरडायच्या. तिचं नाव पाडलं होतं शेणी. कोमल पहाटे डोक्यावरून आंघोळ करायला लागली, थंडीतसुद्धा, साबण संपेपर्यंत. मी विचारलं तर म्हणाली, "आई, माझा वास येतोय का गं?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. वर्गशिक्षिकेकडे गेले. "मुलं आहेत हो, चेष्टा करतात." परत गेले. "कोमलनंच थोडं मिसळायला हवं." आणि मागच्या वर्षी एका पोराने स्वराची पाण्याची बाटली फेकली होती, तेव्हा? तिच्या आईने ग्रुपवर इंग्रजीत एक ओळ टाकली. दुपारपर्यंत पोराची जागा बदलली, मुख्याध्यापिका बाईंनी तिला घरी फोन केला. एका ओळीत! तेव्हापासून मी त्या बाईवर जळत होते. तिच्या इस्त्रीच्या कुर्त्यावर नाही. तिला बघून शिपाई उठतो, त्यावर. ती दारातूनच "मॅडम, एक मिनिट" म्हणते आणि मॅडम खरंच बाहेर येतात, त्यावर. स्वरा स्टेजवर माइक धरून फाडफाड बोलते ना, ते बघून एकदा मनात आलं, आपली पोरगी अशी का नाही? मग माझीच मला शरम वाटली, आणि शरमेपेक्षा जळफळाट जास्त.

फोटो पडला त्या दुपारी गोठ्यात खाटेवर बसले आणि मोबाइल उघडला. बारावी झालेय मी, लिहिता येतं. पण मदत शोधायला लिहू काय? 'शाळेत मुलीला चिडवतात' लिहिलं, तर विनोदाचे व्हिडिओ आले. 'चेष्टा' लिहिलं, तर आणखी विनोद. आपल्याकडे या छळाला नावच हसण्यावारी नेणारं. मग इंग्रजीत लिहिलं, तर परदेशातल्या शाळांची पानंच्या पानं. बोलायला वेगळी खोली, खोलीत गाद्या, समजावून घेणारी बाई, आईने काय विचारावं त्याची चित्रं. भाषांतराचं बटण दाबून वाचत गेले. मदत वाचत होते की दुसऱ्याच्या लग्नातलं ताट बघत होते, कळेना. त्या चित्रातल्या आयांचासुद्धा मला हेवा वाटला. त्यांना कुणी विचारतं तरी.

शेवटी मुलांच्या हक्कांवरचं एक मराठी पान सापडलं. साधं, कडेला जाहिराती नसलेलं. पोरीचं आधी पूर्ण ऐका, मध्ये बोलू नका. तूच मिसळ, असं सांगू नका. शाळेत तक्रारपेटी आणि समिती असते, लेखी तक्रार तिथे द्या. आणि पुढे, त्रास देणाऱ्या मुलाच्या घरी परस्पर जाऊन मिटवायला बघू नका. तिथे मी मोबाइल पालथा ठेवला. सकाळीच डबा घेऊन गेले होते की मी.

संध्याकाळी दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकांसमोर म्हशीची धार काढून दूध विकून नवरा घरी आला. त्याने तो फोटो बघितला. "ऱ्हाऊ दे. काढूया तिला तिथनं. मराठी शाळंत घालू, आपल्या गल्लीतल्या पोरी हायत्या." कोमल भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्या दिवशी मी तिचं फक्त ऐकून घेतलं. सगळं. मध्ये एक शब्द बोलले नाही. शेवटी विचारलं, "शाळा सोडायची हाय तुला?" ती म्हणाली, "न्हाय. त्यांनी गप बसायचं हाय."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं. आत स्वराची आई आधीच बसलेली, हातात चहाचा कप. मला बसा म्हणाल्या नाहीत.

"ग्रुपवर सॉरी लिहा, विषय संपवू," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "नाहीतर कोमलला इथलं वातावरण झेपत नसेल तर तुम्ही विचार करा."

दोन अक्षरं लिहिली असती तर सुटले असते. कोमल सुटली नसती.

"सॉरी न्हाय लिहिणार. माझ्या पोरीला रोज शेणी म्हणत्यात. ही तिची लेखी तक्रार. समितीकडं द्यायची हाय."

मुख्याध्यापिकांनी त्या बाईकडे बघितलं. ती हसली, कप खाली ठेवला.

"द्या की. समितीत पालकांची प्रतिनिधी मीच आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली. तिची पोरगी छळणार आणि तक्रार ऐकायला खुर्चीवर हीच! शिपाई तिचा, मॅडम तिच्या, आणि न्यायही तिचाच.

"मग ह्या तक्रारीची सुनावणी तुमच्यापुढं व्हणार न्हाय," मी म्हणाले. "मॅडम, पोच द्या. एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडं जाणार हाय."

मॅडम म्हणाल्या, बघू. मी दाराशी उभीच राहिले. शाळा सुटेपर्यंत उभी होते. पोच मिळाली, शिक्का वाकडा मारून.

अजून काही मिटलेलं नाही. काल परत बाकावर सेंट मारला, तेही मी लिहून दिलं. ग्रुपवर मला कुणी उत्तर देत नाही. आणि त्या बाईला बघितलं की अजून पोटात दुखतं माझ्या. दुखू दे. हेवा गिळून मी गप बसणार नाही आता. तिच्याकडे जे आहे ते मला पाहिजे, आणि मी ते मागणार आहे. कोमल त्याच शाळेत जाईल, त्याच बाकावर बसेल. पुढच्या पालकसभेत समितीसाठी नावं विचारतील, तेव्हा पहिला हात माझा वर असेल. हसू देत. ती खुर्ची मी घेणार.