वाचकाला शंका येईल

अख्ख्या नगर जिल्ह्यात गोड बोलण्याला इतका घाबरणारा माणूस दुसरा नसेल. हे माझ्या नवऱ्याचे मामा, मूळचे पाथर्डीकडचे, कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. भाजीवाली "खास तुमच्यासाठी बाजूला ठेवलीत" म्हणाली, की मामा निवडलेली वांगी परत टोपलीत टाकत. डॉक्टरांनी "काळजी करू नका" म्हटलं, तेव्हा त्यांनी दुसरा डॉक्टर गाठला. तोही तेच म्हणाल्यावर दोघे आतून मिळालेले आहेत याबद्दल मामांची खात्रीच पटली.

अशा माणसाला मी माझा पीएचडीचा प्रबंध वाचायला दिला! विषय होता ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांची शाळा. मामांनी हो म्हटल्याशिवाय तो विद्यापीठात द्यायचा नाही, असं मीच कबूल करून बसले होते, आणि मुदत तर तोंडावर आलेली. मामा लाल पेन घेऊन झोपाळ्यावर बसत. "सुज्ञ वाचकाच्या लक्षात आलेच असेल" हे वाचून ते ताडकन उठले. चिडले की त्यांच्या तोंडी गावची बोली यायची. "माझ्या न्हाई आलं! आन् सुज्ञ म्हणून चढवतीस कशाला? पुरावा कमी पडला व्हय?" "हे उघडच आहे", "आपण जाणतोच", सगळ्यावर काट. लेखक खांद्यावर हात ठेवायला लागला, की वाचकाने आधी आपला खिसा चाचपावा, हे त्यांचं ठाम मत. मी धुसफुसत मागची पानं चाळायची, तर तिथे बहुतेक वेळा पुरावा खरंच कमी असायचा. तेच जास्त झोंबायचं.

शेवटी प्रबंध असा झाला, की त्यातलं एकही वाक्य कुणाकडे बघेना. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मीच वाचून दाखवायला बसले. पानभर ऐकून ते म्हणाले, "कुनाशी बोलतीस गं, सूनबाई?"

"कुणाशीच नाही! सगळ्यांना तुम्हीच हाकलून दिलंत!"

मग मामांनीच खोडलेलं एक वाक्य मी मुद्दाम मोठ्याने वाचलं, "मुलांनाच शिकायचं नसेल, अशी शंका इथे वाचकाला येईल."

"हे ऱ्हाऊ दे," मामा हळूच म्हणाले. "हे खरं हाय. मला आलीच हुती." आणि त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला.

प्रबंध मंजूर झाला. मामा आता नाहीत. मी अजूनही लेख लिहिते, आणि "वाचकाला शंका येईल" असं लिहिलं, की झोपाळ्याकडे बघते. हल्ली सगळेच म्हणतात, फार छान लिहिता. मला काही ते खरं वाटत नाही, आणि मामांची फार आठवण येते.