फ्लेक्सवरची बिनदाराची इमारत

मंठ्याच्या चौकात जीपमधून उतरले, तर गजाननचा फ्लेक्स अजून लटकलेलाच. तोच फोटो, फोटो स्टुडिओवाल्यानं तेवढ्यापुरता अंगावर चढवलेला तोच निळा कोट, मागं तीच घुमटाची अमेरिकन इमारत. इतक्या उन्हाळ्या-पावसाळ्यांत रंग कसा उडाला नाही, एवढंच मनात आलं. रस्ता ओलांडता ओलांडता नजर वर गेली... ‘हार्दिक अभिनंदन’च्या जागी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ होतं. बाकी काहीच बदललेलं नव्हतं. फ्लेक्सवाल्याकडं जुनी फाईल होती, त्यानं वरची ओळ तेवढी बदलली. माझा फोन सकाळपासून बंद पडलेला. मित्राच्या मरणाची बातमी मला भर दुपारी त्याच्याच हसऱ्या चेहऱ्यानं दिली.

गजाननच्या वडिलांचं मंठ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तांब्याची तार नव्यानं भरून घ्यायला त्यांच्याकडं येतात. जालन्याच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. मी फीवाढीविरुद्ध पत्रकं काढायची, तो ती वाचून चुका काढायचा आणि मला ‘पत्रकबाई’ म्हणायचा. नुसता विरोध काय लिहून राह्यली, वाट कुठली हाय तेबी लिही की, म्हणायचा. आणि स्वतःची वाट त्यानंच शोधली. अमेरिकेत दोन वर्षांची साधी, स्वस्त कॉलेजं असतात, गावातल्या लोकांसाठी काढलेली. तिथं पहिली दोन वर्षं करायची, मग विद्यापीठात पुढच्या वर्गात बसायचं. पदवी विद्यापीठाचीच मिळते. मोठ्या शहरातल्या एजंटानं त्याला एसीत बसवून सांगितलं, तिथं नापास पोरं जातात, तू सरळ युनिव्हर्सिटी घे, कर्ज आम्ही करून देतो. एजंटाला पोरामागं कमिशन युनिव्हर्सिटीकडून मिळणार, कर्ज मात्र फेडणार मोटारी भरणारा बाप... हे त्या चकचकीत माहितीपत्रकात कुठंच लिहिलेलं नसतं. गजानन उठताना त्याला म्हणाला, “पहिली दोन वर्षं पत्र्याच्या शेडात... मंग पक्क्या घरात. पदवीवर शेडाचं नाव येत न्हाई, साहेब.” ‘मंग’च्या आधी थांबायची त्याची लकब होती. समोरच्यानं आता काय म्हणून कान टवकारेपर्यंत तो थांबायचा.

फ्लेक्स त्याच्या चुलत्यानं लावला. आमच्याकडं पोराचं पोलीस भरतीत नाव लागलं तरी फ्लेक्स लागतो, हा तर अमेरिकेला चाललेला. गजाननच्या कॉलेजची इमारत बुटकी, आमच्या पंचायत समितीसारखी. फ्लेक्सवाल्याला ती पटेना. त्यानं नेटवरून घुमटाची इमारत उचलली आणि खाली ‘युनिव्हर्सिटी’ टाकलं. गजानन भांडला. वडील म्हणाले, “लोकाला काय समजून राह्यलं? कॉलेज म्हनलं तर म्हनतील, कॉलेज तर मंठ्यातबी हाय.” झालं. तो त्या इमारतीखालून निघून गेला आणि तिकडून व्हिडिओ कॉल करताना कायम कोऱ्या भिंतीला टेकून बसला. मागं कॉलेज दिसायला नको, घरी शेजारी डोकावतात. एकदाच म्हणाला, “ती इमारत सपनात आल्ती. भोवती फिरून फिरून पाय दुखले. तिला दार न्हाई गं.” मी म्हटलं, फ्लेक्सवर दाराच्या जागी तुझा खांदा आलाय, म्हणून. तो हसला नाही.

फी परवडली, पण कॉलेजला वसतिगृह नव्हतं. व्हिसावर काम करायचं तर कॉलेजच्या आवारातच, तेही मोजके तास. तो कॅन्टीनमध्ये भांडी धुवायचा. खोली परवडली ती गावाबाहेर, बस पोचत नाही अशा ठिकाणी. पुढं पायी. त्या रस्त्याला फुटपाथ नव्हता. सकाळच्या धुक्यात गाडीवाल्याला तो दिसला नाही. विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं. शवपेटीबरोबर जे कागद आले त्यांवर कॉलेजचं खरं नाव होतं. कुणीतरी ते वाचलं आणि दहाव्याच्या आत गावभर झालं, की युनिव्हर्सिटीनं काढून टाकलं होतं त्याला. घरचे गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे कबुली, असंच लोक धरतात. म्हणून मी इथं लिहिते : गजाननला कुणी काढलं नव्हतं. तो मुद्दाम त्या बुटक्या इमारतीत गेला होता, आणि त्याचा हिशोब बरोबर होता.

त्याच्या धाकट्या बहिणीला, शुभांगीला, त्याच कॉलेजात प्रवेश मिळालाय. अर्ज त्यानंच भरून घेतला होता. वडिलांनी साफ नाही म्हटलं. पोरगं गेलं, आता नावबी घालवू का, म्हणाले.

परवा दुपारी त्यांच्या दुकानात गेले. दुकानाच्या शेडाला मागून आडोसा हवा असतो, तिथं दोन्ही फ्लेक्स बांधलेले, एकावर एक, छापील बाजू दुकानाकडं. कडा तांब्याच्या वाइंडिंगच्या तारेनं शिवलेल्या. मागून ऊन येत होतं. चेहरा चेहऱ्यावर बरोबर बसला होता, वरची ओळ तेवढी वाचता येत नव्हती. इमारतीत, खांद्याच्या कडेनं, माणूस जाईल एवढी उभी चीर होती. काकांना, म्हणजे गजाननच्या वडिलांना, विचारलं. मागं ये-जा कराया वाट पाहिजे व्हती, म्हणाले. स्वप्नाचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. निदान मी तरी नाही...

शुभांगीनं चहा ठेवला, भावाचा खांदा बाजूला सारला आणि आत गेली. मागं ती व्हिसाच्या मुलाखतीची तयारी करते, आधी मराठीत, मग इंग्रजीत. बाप नाही म्हणाला तरी करते. थोड्या वेळानं इमारतीतून आवाज आला. विद्यापीठ सोडून हे कॉलेज का? प्रश्नही तिचाच, उत्तरही तिचंच. “पहिली दोन वर्षं पत्र्याच्या शेडात...” आणि मग ती थांबली. तो थांबायचा तेवढीच. माझ्या हातातला कप तसाच राहिला. “...मंग पक्क्या घरात.”

काकांचा तार ओढणारा हात थांबला. फ्लेक्सकडं बघत ते म्हणाले, “कॉलेजचं नाव घेतलं न्हाई तू. नाव घे. बराबर घे.”

मग नाव आलं, मोठ्यानं, स्वच्छ. मोटार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकानं वळून पाहिलं. काकांनी पुन्हा तार ओढायला घेतली. वारा पडलेला होता... खांदा मात्र हलत होता, आत्ताच कुणी आत गेल्यासारखा.