भावोजींचा फेरफटका

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, चष्म्याच्या दुकानाचे मालक आणि सज्जनपणाचा कळस. बाकावर पडलेलं वर्तमानपत्रसुद्धा ते शेजाऱ्याला विचारल्याशिवाय उचलत नसत. दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाने परस्पर फ्रेमला हात लावला, की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

दर रविवारी सकाळी मात्र ते बंदूक घेऊन 'फेरफटक्याला' निघत. हा फेरफटका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या माळावर, तोही कुंपणाच्या आत. शिकार हा शब्द घरात कुणी काढत नसे; ससे आपले फेरफटक्यात सापडायचे. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "ससा कुंपणाखालून येताना बाईंना विचारतो का?" मी विषय सोडून दिला. शेवटी सशाचा वाटा माझ्याही ताटात होता.

मग बाईंच्या शेजारच्या वीटभट्टीवाल्याने हद्दीचा दगड उचलून चांगला अलीकडे आणून पुरला, आणि बाईंची विहीर त्याच्या बाजूला गेली. बाईंचे कागद वाळवीने फस्त केलेले. जुना दगड कुठे होता हे छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस उरला, कारण तो बावीस वर्षं दर रविवारी त्याला टेकून बसत होता.

भावोजींचं जेवणावरून मन उडालं. ताईने त्यांना फैलावर घेतलं.

"बोललात तर बंदूक जाईल, नाही बोललात तर बाईंचं पाणी. काय ते ठरवा एकदाचं."

मोजणीच्या दिवशी भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून माळावर गेले आणि त्यांनी विहिरीपलीकडची जागा दाखवली. मोजणी अधिकाऱ्याने तिथली माती उकरायला लावली, तर गंजलेली काडतुसं निघाली.

"इथे काय करत होता तुम्ही?"

"फेर..." भावोजी अडखळले. "शिकार."

"कुणाच्या परवानगीने?"

भावोजींनी आशेने बाईंकडे पाहिलं. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. तो भावोजींच्याच दुकानातला.

"माझी परवानगी नव्हती," त्या म्हणाल्या. "तेही लिहून घ्या."

विहीर बाईंची राहिली. बंदूक पोलिसांकडे जमा झाली. परतताना मी रस्ताभर बाईंचा उद्धार करत होतो. इतका राग मला कधी आला नव्हता. भावोजींनी मला थांबवलं.

"अरे, त्या माझ्यासाठी एक खोटं बोलल्या असत्या, तर माझं खरं कुणी धरलं असतं?"